निळा बेडूक आणि सूरजागडची पानं

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आज मी बेडकांविषयी बोलणार आहे. कवीला बोलायला बोलावलं की तो पावसावर बोलेल नाहीतर आईवर, अशी आपली समजूत असते. पाऊस माझ्याही बोलण्यात येईल, पण तो विजेच्या पंपातून येणारा पाऊस आहे.

माझी थोरली बहीण, आमची आपा, हॉलंडमध्ये मुलाकडे राहते. भाचा तिथे आइंडहोव्हन शहरात संगणकाच्या नोकरीत आहे. मेहुणे गेले, एटापल्लीचं किराणा दुकान बंद झालं आणि साठी ओलांडलेली आपा आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली. २०२३ च्या मे महिन्यात मी तिला भेटायला गेलो. चंद्रपूरहून निघालो तेव्हा आमच्या रस्त्यांवरचं डांबर मऊ झालं होतं. तिथे उतरलो तर अंगात स्वेटर घालायची पाळी. घरात पाऊल टाकलं आणि बैठकीत, आपल्याकडे जिथे टीव्ही असतो तिथे, एक रान उभं होतं.

काचेची पेटी. दोन हात लांब, दीड हात उंच. आत शेवाळ, नेचे, एक वाळका ओंडका आणि त्या ओंडक्याला धरून अननसाच्या कुळातली छोटी रोपं. त्या रोपांच्या पानांच्या बेचक्यात वाटीभर नव्हे, चमचाभर पाणी साठलेलं. दिवसातून चार-पाच वेळा वरच्या बारीक तोट्यांतून आपोआप फवारा उडतो, काच धुक्यानं भरून जाते. धुकं विरलं की एखाद्या पानाखालून निळा तुकडा बाहेर येतो. दौतीत बुडवून काढावा असा निळा, पाठीवर काळे ठिपके, आणि अंगठ्याच्या दीड पेराएवढा. एवढासा जीव, पण चालण्यात दरोगाचा रुबाब. आपले बेडूक दिवसा दडतात. हा भर उजेडात हिंडतो.

"मामू, हा डार्ट फ्रॉग," भाचा म्हणाला.

डार्ट म्हणजे फुंकनळीतून मारायचा छोटा बाण. मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत या बेडकांच्या दोनशेच्या आसपास जाती आहेत. त्यांतल्या मोजक्या तीन-चार जातींच्या पाठीवर बाणाची टोकं घासून कोलंबियातले एंबेरा आदिवासी शिकार करत. त्यावरून सगळ्या कुळालाच हे नाव चिकटलं. त्यांतला एक सोनेरी पिवळा बेडूक शास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये जगापुढे आणला आणि त्याच्या नावातच 'भयंकर' असा लॅटिन शब्द घातला. त्या एका बेडकाच्या कातडीत दहाएक माणसं मरतील एवढं विष असतं.

भाच्याकडचा निळा बेडूक सुरिनाम देशाच्या दक्षिण टोकाचा. तिथे सिपालिविनी नावाचं गवताळ माळरान आहे आणि त्या माळावर, समुद्रात बेटं असावीत तशी, रानाची बेटं आहेत. त्या बेटांतल्या ओढ्यांकाठी हा राहतो. १९६९ मध्ये एका डच शास्त्रज्ञानं त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. सुरिनाम तेव्हा डचांच्या ताब्यात होता, १९७५ मध्ये स्वतंत्र झाला. आपाच्या शेजारी एक म्हातारी बाई राहतात. त्यांचे पूर्वज बिहारकडून मजूर म्हणून सुरिनामला गेलेले आणि त्या स्वतः तिथून हॉलंडला आलेल्या. आपाशी त्या भोजपुरीच्या वळणाची हिंदी बोलतात. पेटीपुढे बसून म्हणाल्या, "हमरे देस का है, पर हम कभी देखे नहीं. यहीं देखे."

आता ही पेटी कशी उभी राहते ते थोडं सांगतो, कारण मला त्यातच सगळ्यात जास्त मजा वाटली. तळाला भाजलेल्या मातीचे हलके गोळे, म्हणजे जास्तीचं पाणी खाली उतरतं आणि मुळं कुजत नाहीत. त्यावर जाळी. जाळीवर नारळाचा भुसा, कोळशाचा चुरा, झाडाच्या सालीचे तुकडे यांची माती. आणि सगळ्यात वर वाळलेली पानं. या पानांत डोळ्यांना जेमतेम दिसतील असे पांढरे, टुणकन उडणारे कीटक सोडलेले असतात आणि ओल्या विटेखाली सापडतात तसले राखाडी, पुष्कळ पायांचे किडे. ते बेडकाची घाण खातात, बुरशी खातात, सडलेलं पान खातात. पेटी झाडावी लागत नाही. आत उष्णता बावीस ते सव्वीस अंश. तिशी ओलांडली की या बेडकांचा जीव कासावीस होतो. आमच्या चंद्रपुरात पारा सत्तेचाळीसला टेकतो. तो निळा साहेब मे महिन्यात सकाळच्या चहापर्यंतही टिकला नसता.

त्याचं जेवण म्हणजे पिकलेल्या केळ्यावर बसतात त्या चिलटांची एक जात. पण ती उडू शकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या निवडून तशी वाणच तयार केलेली आहे. भाचा ती बरणीत पैदा करतो. रोज सकाळी आपा बरणीतली थोडी चिलटं एका कपात झटकते, त्यात कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांची पांढरी भुकटी टाकते, वडे पिठात घोळवावेत तशी ती घोळवते आणि पेटीत सोडते. पांढरे ठिपके पानांवर चालू लागतात आणि बेडूक पावलांची बोटं थरथरवत एकेक टिपतो. आपाला हे काम कोणी सांगितलं नव्हतं. मुलगा-सून कामावर जातात, नातू बालवाडीत जातो. मग घरात ती आणि ते चार बेडूक.

नर अंड्यांची राखण करतो. नारळाच्या करवंटीखाली अंडी असतात, त्यांवर तो ओल धरून ठेवतो. पिल्लं निघाली की एकेक पाठीवर बसवून पानाच्या बेचक्यातल्या पाण्यात नेऊन सोडतो. हे आपानं मला असं सांगितलं, जणू मोहल्ल्यातल्या एखाद्या चांगल्या जावयाची गोष्ट सांगते आहे.

मी आणि आपा रानातच वाढलो. अब्बा जंगल ठेकेदाराकडे मुनशी. हिवाळ्यात बांबूचा कूप, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याची फळी. एटापल्लीच्या पुढे सूरजागडच्या डोंगराखाली एका नाल्याकाठी आमची हंगामी झोपडी असे. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, तो १९८२ मध्ये झाला. आम्ही सगळे चांदा जिल्ह्याचे. फळीवर सत्तर पानांचं पुडकं मोजून घ्यायचं काम आपाचं. पान हातात घेतल्याबरोबर ती सांगायची, हे कालचं, हे परवाचं. हंगाम संपला आणि पहिला पाऊस पडला की त्या नाल्याकाठचे मोठे बेडूक एका रात्रीत हळदीसारखे पिवळे होत आणि गालांशी निळे फुगे फुगवून ओरडत. झाडावरचे बेडूक पाण्यावर झुकलेल्या फांदीला साबणाच्या फेसासारखं घरटं लावत. आम्हाला सुरिनामची खबर नव्हती, पण रंगाचं आणि करामतीचं काही कमी नव्हतं.

तर पेटीपुढे उभा राहून मी भाच्याला विचारलं, "घरात चार वर्षांचं लेकरू, आणि तू विषारी बेडूक पाळतोस?"

तो हसला. "मामू, याच्यात विष नाही."

हे मला नवीन होतं. या बेडकांना स्वतःचं विष करता येत नाही. रानातल्या पानांखाली काही मुंग्या, सूक्ष्म गोचिडांच्या जातीचे किडे, बारीक भुंगे असतात. त्यांच्या अंगात ती द्रव्यं असतात. बेडूक ते खातो आणि खाल्लेलं विष कातडीत साठवून ठेवतो. अमेरिकेतले जॉन डॅली नावाचे रसायनशास्त्रज्ञ आयुष्यभर याच्या मागे लागले होते. पनामातल्या हिरव्या-काळ्या जातीची पिल्लं त्यांनी चिलटांवर वाढवली, तर कातडीत काही म्हणजे काहीच नाही. त्यांनाच रानातल्या पालापाचोळ्यातले किडे खाऊ घातले, तर विष आलं. याच जातीचे बेडूक १९३२ मध्ये पनामातून हवाई बेटांवर नेऊन सोडले होते, डास खातील म्हणून. ते तिथे जगले, वाढले. पण तिथल्या किड्यांवर त्यांच्या कातडीतली द्रव्यं वेगळी निघाली. म्हणजे विष बेडकाचं नाही, रानाचं आहे. बेडूक ते अंगावर वागवतो एवढंच. पेटीत रंग तोच, ठिपके तेच, चालही तीच. फक्त भिण्यासारखं काही उरत नाही.

कवीच्या हातात असं काही पडलं की तो स्वस्थ बसत नाही. त्या रात्री जेवताना मी सुरू झालो. म्हटलं, आपण सगळे असेच. मी बी.ए. करायला रानातून चंद्रपूरला आलो, मग शाळेत लिपिकाची नोकरी धरली आणि तिथून रानावर कविता लिहीत राहिलो. एकदा एका संमेलनात खाणींवरची कविता वाचली. ज्यांच्या धंद्याला तिच्यात नावं ठेवली होती, त्यांतलेच काही पाहुणे पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. एकानं तर कागद मागून घेतला, घरी फ्रेम करतो म्हणाला. माझ्या कवितेला रंग आहे, विष नाही, कारण मी चिलटं खातो, पिठात घोळवलेली.

आपा पोळी वाढत होती. ती म्हणाली, "घरात लेकरू आहे. इथे विष कशाला पाहिजे? तुला कवितेसाठी पाहिजे."

मी जेवलो.

या छंदाच्या दुसऱ्या बाजूबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर कोणी उद्या पेटी घेऊन बसेल. हे बेडूक एकेकाळी रानातून पोत्यानं पकडून विकले गेले. १९८७ पासून त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कराराचं बंधन आलं. योगायोग असा की त्याच वर्षी भारतानं बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली. तोवर आपण हजारो टन पाठवत होतो. भाच्याचे बेडूक पेटीतच जन्मलेल्या आईबापांचे आहेत. जर्मनीत हाम नावाच्या गावी अशा प्राण्यांचा मोठा बाजार भरतो, तिथून त्यानं आणले. आपल्या देशात असा परदेशी जीव पाळायचा तर २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारदरबारी नोंदवावा लागतो. आणि आपल्या रानातल्या बेडकांच्या अनेक जातींना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा नाल्यावर जाऊन ओंजळ भरून आणायची नाही.

परत निघायच्या आदल्या दिवशी भाच्यानं दुकानातून पानांचं पाकीट आणलं. बेडकांच्या पेटीत पसरायला वाळलेली पानं विकत मिळतात. आपानं पाकीट उघडलं आणि हसत सुटली. देशी बदामाची पानं! आमच्या शाळेच्या आवारात त्या झाडाचा रोज ढीग निघतो आणि झाडणारी बाई त्याच्या नावानं बोटं मोडते. इथे दहा पानांना चांगले दोन-तीनशे रुपये. हसणं ओसरल्यावर आपानं एक पान नाकाशी धरलं. म्हणाली, "वासच नाही." मग थोड्या वेळानं, "येनाची पानं चालतील का रे?" भाचा म्हणाला, चालतील, येन आणि देशी बदाम एकाच वंशातले. तेव्हा आपा माझ्याकडे वळली. "मग तू सूरजागडची पाठव. आपल्या नाल्यावरची."

भाच्यानं एक अट सांगितली. पानावर धूळ, धूर, फवारणी काही नको. बेडूक कातडीनं पाणी पितो, कातडीनं श्वासही घेतो. पानावर जे असेल ते त्याच्या अंगात जातं. "मामू, रस्त्याकडेची पानं घेऊ नका."

मार्च २०२४ मध्ये मी गेलो. पानगळ चांगली सुरू होती. आलापल्लीहून एटापल्ली आणि पुढे. ज्यांनी तो रस्ता अलीकडे पाहिला असेल त्यांना सांगायला नको. सूरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे हे जुनंच. २००७ मध्ये तिथे सुमारे ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा दिला गेला. २०१६ मध्ये काम सुरू झालं, त्याच वर्षी डिसेंबरात नक्षलवाद्यांनी ऐंशीच्या घरात वाहनं जाळली आणि ते थांबलं. २०२१ पासून पुन्हा जोरात. २०२३ मध्ये वर्षाला एक कोटी टन काढायची परवानगी मिळाली. एक कोटी टन म्हणजे किती, हे आकड्यानं कळत नाही. ट्रक मोजायला लागलं की कळतं. मी मोजायला लागलो आणि सोडून दिलं.

रस्त्याकडेच्या पहिल्याच येनाखाली बसलो आणि एक पान उचललं. बोट फिरवलं, बोट लाल. दुसरं उचललं, लाल. थोडा आत गेलो. पळसाखाली, बिज्याखाली, तेंदूखाली पुसून पाहिलं. लाल. रुमालाची एक बाजू संपली. एरवी रानात माणूस झाडाकडे पाहतो. मी त्या दिवशी फक्त जमिनीकडे पाहत चाललो होतो आणि दर वीस-पंचवीस पावलांवर बोट पाहत होतो.

आमच्या जुन्या नाल्याजवळच्या गावात एक म्हातारे माडिया गृहस्थ आहेत. अब्बांच्या फळीवर ते पोरवयात पानं तोडायला येत. मला पिशवी घेऊन पानं पुसताना पाहून त्यांना वाटलं, मास्तरचं डोकं फिरलं. मी त्यांना सगळं सांगितलं. काचेची पेटी, पंपाचा पाऊस, निळा बेडूक.

"खाते काय तो?"

"चिलटं. बिनपंखाची."

"पंख कोण तोडते त्यायचे?"

"तोडत नाही. तशीच जन्मतात."

ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, "मंग बेडकाले उडी कायले देली?"

त्यांचा मुलगा खाणीवर नोकरीला आहे. महिन्याला पगार येतो, घरावर पत्रे आलेत, नातीचं दवाखान्याचं त्या पगारातूनच झालं. हे त्यांनी मला सांगितलं आणि त्याच दमात हेही सांगितलं, की जानेवारीत ठाकूरदेवाच्या यात्रेला आता मन लागत नाही, डोंगराकडे पाहवत नाही. दोन्ही गोष्टी एकाच सुरात. त्यातली कुठली मोठी हे त्यांनी सांगितलं नाही, आणि ते ठरवायला मी तिथे राहत नाही. फ्रेम केलेली माझी ती कविता मला तिथे आठवली. लाज वाटली असं म्हणत नाही, पण ती त्यांना म्हणून दाखवावी असंही वाटलं नाही.

त्यांनीच मला आत नेलं. आमचा नाला ओलांडला, पुढे दुसरा नाला लागला, त्याच्याही पलीकडे एक उतार होता. तिथल्या येनाखाली पान पुसलं तर बोट कोरडं, स्वच्छ. त्या पानांखाली ओल होती, बुरशीचा वास होता आणि एक काळसर मुंगी माझ्या मनगटावर चढून कडकडून चावली. पन्नासेक पानं घेतली, थोडी तेंदूचीही. म्हातारबुवांनी ती मोजली. सत्तर करा म्हणाले, पुडकं अर्धवट बरं दिसत नाही.

घरी येऊन भाच्याला फोन केला. तो चाचरत बोलू लागला. पार्सल कस्टममध्ये अडेल, असा रानचा पाला नियमात बसत नाही, त्याला कागदपत्रं लागतात. शिवाय एक बुरशी आहे, बेडकांच्या कातडीला लागणारी. माणसांनी बेडूक देशोदेशी नेले, त्यांच्याबरोबर ती पसरली. २०१९ मध्ये जगभरच्या शास्त्रज्ञांनी मिळून हिशेब मांडला, तेव्हा बेडूक-सॅलमँडरांच्या ५०१ जाती तिच्यामुळे घटल्याचं निघालं, त्यांतल्या ९० बहुधा कायमच्या गेल्या. बाहेरचं पान पेटीत घालायचं तर उकळूनच. "आणि उकळल्यावर मामू, तुमच्या त्या नाल्याचं त्यात काय राहणार?"

त्याचं बरोबर होतं. मागून आपा विचारत होती, "काय म्हणतो? पाठवतो ना?"

पुडकं माझ्या खाटेखाली आहे. बायकोनं दोनदा बंबात घालायची धमकी दिली आहे. पानं वाळून करकरीत झालीत. मधूनच मी एखादं नाकाशी धरतो.

त्याच वर्षी जुलैत एका रात्री आमच्याकडे झड लागली होती. साडेनऊ वाजले असतील, तिथे संध्याकाळचे सहा. आपाचा फोन आला. घरामागच्या डबक्यात बेडूक नुसते पेटले होते. ती बोलता बोलता थांबली. म्हणाली, फोन खिडकीबाहेर धर. मी धरला, हात भिजेपर्यंत धरला. मग ती म्हणाली, आता इकडचं ऐक, निळा बोलतो आहे. या जातीचा आवाज फार बारीक असतो, पेटीला कान लावला तरच कळतो, हे मला ठाऊक होतं. तिनं फोन काचेला लावला असावा. पंपाची घरघर ऐकू आली, फवाऱ्याचा सूं असा आवाज आला, लांबून नातवाचं डच भाषेतलं काहीतरी ऐकू आलं.

"आला का आवाज?" आपा विचारत होती.

मी म्हटलं, "आला."